पुस्तकात असं नव्हतं!

हॅरी पॉटरच्या चाहत्यांचा एक सामाईक मंत्र आहे आणि तो हॉगवर्ट्समध्ये शिकवला जात नाही. तो असा: 'पुस्तकात असं नव्हतं!' नोव्हेंबर २००१ मध्ये पहिला सिनेमा आला तेव्हापासून तो म्हटला जातोय. आठ सिनेमे झाले, जुलै २०११ मध्ये शेवटचा येऊन गेला, त्या वर्षी जन्मलेली पोरं आता दहावीच्या आसपास पोचली, तरी मंत्राचा जोर ओसरलेला नाही. फोन उघडा, पाच मिनिटं स्क्रोल करा. कुणीतरी कुठेतरी पुस्तकातलं पान आणि सिनेमातली फ्रेम शेजारी शेजारी लावून पंचनामा करत असतंच.

या मंत्राशी माझं वैर नाही. आवडत्या पुस्तकासाठी भांडणारी माणसं मला न भांडणाऱ्यांपेक्षा केव्हाही जवळची वाटतात. माझी तक्रार आहे ती आपण हा मंत्र कशावर वापरतो याबद्दल. इतकी वर्षं आपण डोळ्यांचे आणि कपड्यांचे रंग मोजत बसलो. पुस्तकातला सगळ्यात टोचणारा भाग मात्र सिनेमावाल्यांनी आपल्यादेखत उचलून नेला, तेव्हा आपला आवाज फारसा चढला नाही. आणि आता एका कृष्णवर्णीय नटाला भूमिका मिळाली, तर आपल्यातल्या काहींना हाच मंत्र एकदम खणखणीत पाठ आठवला. पुस्तकावरची निष्ठा अशी सोयीने झोपत आणि सोयीने जागी होत असेल, तर तिच्याकडे एकदा नीट बघायला हवं.

*

आधी आपली नेहमीची यादी घेऊ. हॅरीचे डोळे पुस्तकात हिरवे, सिनेमात निळे. डॅनियल रॅडक्लिफला हिरव्या लेन्स सोसल्या नाहीत, म्हणून तो नाद सोडला गेला. हे डोळे त्याच्या आईसारखे आहेत हे पुस्तकात इतक्या वेळा येतं की शेवटच्या सिनेमात छोट्या लिलीचे डोळे तपकिरी दिसल्यावर चिडणाऱ्याला मी तरी काही बोलणार नाही. यूल बॉलला हर्मायनीचा पोशाख निळसर हवा होता, तो गुलाबी निघाला. पीव्ह्ज नावाचं उपद्व्यापी भूत आठही सिनेमांत दिसत नाही. रिक मेयॉलला घेऊन त्याचे प्रसंग चित्रित झाले होते, पण ते कापले गेले. आणि 'गॉब्लेट ऑफ फायर'मधला तो प्रसिद्ध प्रसंग: पेल्यातून हॅरीचं नाव बाहेर पडल्यावर पुस्तकातले डम्बलडोर त्याला शांतपणे विचारतात, तर पडद्यावर मायकल गॅम्बन त्याच्या अंगावर धावून जातो. या एका फरकावर किती मीम झाली असतील याचा हिशेब गॉब्लिनांच्या बँकेलाही लागणार नाही.

ही यादी मजेशीर आहे. ती खोटीही नाही. पण तिच्यातल्या गोष्टींकडे बघा. हिरवा की निळा, आहे की नाही, शांतपणे की ओरडून. या तक्रारी करायला पुस्तक समजावं लागत नाही, आठवावं लागतं. आपल्याला शाळेत पुस्तक असंच वाचायला शिकवलंय: गाळलेल्या जागा भरा, जोड्या लावा, कोण कोणास म्हणाले. त्या परीक्षांचा कंटाळा येऊन आपण हॅरी पॉटरकडे पळालो आणि फॅन झाल्यावर तीच प्रश्नपत्रिका सिनेमाच्या हातात ठेवली. पैकीच्या पैकी मिळाले तर सिनेमा चांगला. नाही मिळाले तर द्रोह.

ही परीक्षा कुठलाच सिनेमा पास होणार नाही, हे साध्या भागाकाराने कळतं. 'ऑर्डर ऑफ द फिनिक्स'च्या ब्रिटिश आवृत्तीची पानं ७६६. सिनेमा १३८ मिनिटांचा. म्हणजे मिनिटाला साडेपाच पानं. इतक्या वेगाने पुस्तक नुसतं चाळताही येत नाही, दाखवणं दूरच. गाळणं अटळ आहे. तेव्हा काय गाळलं यापेक्षा कशासाठी गाळलं आणि गाळल्यावर गोष्टीचा अर्थ कुठे सरकला, हा प्रश्न महत्त्वाचा.

पहिले दोन सिनेमे क्रिस कोलंबसने केले. आठांत तेच पुस्तकाला सर्वांत चिकटून आहेत. प्रसंगामागून प्रसंग, इमानेइतबारे. तिसरा आल्फोन्सो क्वारोनने केला, आणि पुस्तकनिष्ठांच्या कोर्टात तो कायमचा आरोपी आहे. आरोपात तथ्य आहे: तो जादूचा नकाशा बनवणारे चौघे कोण, हे सिनेमा सांगतच नाही. हॅरीचा बाप त्यांतला एक होता ही गोष्ट गाळणं मलाही अनाकलनीय वाटतं. आठांत सर्वांत कमी गल्लाही याच सिनेमाने जमवला. पण 'प्रिझनर ऑफ अझ्काबान' हे पुस्तक वेळेबद्दल आहे, मोठं होण्याबद्दल आहे, आणि ते आठांतल्या कुणाला कळलं असेल तर याच दिग्दर्शकाला. ते झोडपणारं झाड ऋतूंबरोबर पानं गाळतं आणि बर्फ झटकतं. घड्याळाचा लंबक प्रसंगांच्या मधून हलत राहतो. पोरं गणवेश काढून स्वतःच्या चुरगळलेल्या कपड्यांत वावरतात आणि पहिल्यांदा तेरा वर्षांची वाटतात. यातलं बरंचसं पुस्तकात नाही. तरी पुस्तकाच्या सगळ्यात जवळ मला तोच सिनेमा वाटतो.

*

आता जे खरंच हरवलं त्याबद्दल.

हॉगवर्ट्समध्ये ताटं आपोआप भरतात. पहिल्या पुस्तकात आपण हॅरीसारखेच आ वासून बघतो: सोन्याची रिकामी ताटं आणि क्षणात मेजवानी. चौथ्या पुस्तकात कळतं की तळघरात मोठं स्वयंपाकघर आहे आणि तिथे शंभराहून जास्त हाऊस-एल्फ राबतात. बिनपगारी, बिनसुट्टीचे. अंगावर कपडे नाहीत, भांडी पुसायचे टॉवेल. जादू वाटत होती ती मजुरी होती. मला विचाराल तर सात पुस्तकांतला हा सगळ्यात हुशार डाव आहे. लेखिकेने आधी आपल्याला त्या मेजवानीच्या प्रेमात पाडलं आणि तीन पुस्तकांनंतर बिल पुढे केलं.

हर्मायनी ते बिल वाचते. ती एल्फांच्या हक्कांसाठी संघटना काढते, बिल्ले वाटते, सगळे तिची टर उडवतात. रॉन उडवतो, हॅरी कंटाळतो, खुद्द एल्फ तिच्यावर चिडतात. पुस्तकही तिच्यावर थोडं हसतं, आणि हे पुस्तकाचं दुबळेपण आहे असं मानणाऱ्या वाचकांशी मी सहमत आहे. पण धागा सुटत नाही. सिरियसने क्रीचरला आयुष्यभर लाथाडलं आणि त्या लाथाडण्याचा त्याच्या मरणाशी संबंध आहे, हे पाचव्या पुस्तकाच्या शेवटी डम्बलडोर स्पष्ट बोलतात. सातव्यात हॅरी क्रीचरशी माणसासारखं वागायला शिकतो आणि तोच क्रीचर शेवटच्या लढाईत स्वयंपाकघरातली फौज घेऊन उतरतो.

सिनेमात यातलं काय आहे? संघटना नाही. बिल्ले नाहीत. स्वयंपाकघर नाही. नोकरीवरून हाकलल्यावर दारूच्या नादी लागलेली विंकी मुळातच नाही. डॉबी २००२ च्या दुसऱ्या सिनेमात येतो आणि एकदम २०१० मध्ये मरायला परत येतो. मधल्या चार सिनेमांत त्याचा पत्ता नाही, चौथ्यातलं त्याचं काम नेव्हिलला दिलं गेलं. थेटरात डॉबीसाठी रडलेल्यांपैकी किती जणांना आठवलं असेल की हा प्राणी मधली आठ वर्षं कुठेतरी भांडी घासत असणार?

आता एक प्रसंग बघा. रॉन आणि हर्मायनीचं पहिलं चुंबन. पुस्तकात ते लढाईच्या ऐन मध्यात होतं, कारण रॉनला एकाएकी आठवतं की खाली स्वयंपाकघरात एल्फ आहेत आणि त्यांना बाहेर काढायला हवं. आपल्यासाठी मरा असा हुकूम त्यांना देता येणार नाही. चौथ्या पुस्तकापासून तिची चेष्टा करणारा मुलगा अखेर तिचं म्हणणं समजून घेतो, आणि त्या क्षणी ती हातातलं सगळं टाकून त्याच्याकडे धावते. सिनेमात काय होतं? व्होल्डेमॉर्टच्या आत्म्याचा तुकडा असलेला पेला फुटतो, पाण्याची मोठी लाट येते, दोघं भिजतात आणि चुंबन घेतात. गाळणी कशी चालते याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. प्रेम ठेवलं, प्रेमाचं कारण काढलं.

रॉनचंही तेच झालं. सातही पुस्तकांत तो गरीब घरातला मुलगा आहे: भावांचे जुने कपडे, भावाची जुनी कांडी, सँडविच लपवत खाणं. सिनेमांत तो तोंड वेडंवाकडं करणारा विनोदी मित्र झाला. 'कोण कोणास म्हणाले' हा प्रश्न इथे मात्र कामाचा आहे. तिसऱ्या पुस्तकात मोडक्या पायावर उभा राहून 'हॅरीला मारायचं तर आधी आम्हाला मारावं लागेल' अशा अर्थाचं बोलतो तो रॉन. सिनेमात ते हर्मायनी बोलते. त्याच पुस्तकात स्नेप भर वर्गात हर्मायनीला शिष्ट म्हणून हिणवतो तेव्हा रॉन तिच्या बाजूने उसळतो आणि शिक्षा भोगतो. सिनेमात तो म्हणतो की स्नेपचं काही चूक नाही. आठपैकी सात पटकथा लिहिणाऱ्या स्टीव्ह क्लोव्हजने हर्मायनीला सद्गुणांचा पुतळा केलं आणि त्याची किंमत रॉनच्या खिशातून वसूल केली. तिची मात्र ती खरी चळवळ काढून घेतली, जिच्यात ती हट्टी, चुकणारी आणि बरोबर असते.

चाहत्यांनी हे कधी बोललंच नाही असं मी म्हणत नाही. रॉनबद्दल तळमळीने लिहिणारे वाचक आहेत, एल्फांबद्दलही आहेत. पण शांत डम्बलडोरच्या मीमला जो प्रकाश मिळतो त्याच्या एक शतांशही या प्रश्नांवर पडत नाही. कारण उघड आहे. डोळ्यांच्या रंगावरून भांडायला काही लागत नाही. 'आपल्या ताटात हे आलं कुठून' असा प्रश्न विचारणारी गोष्ट गायब झाली, यावर भांडायचं तर तो प्रश्न आधी स्वतःला पडावा लागतो. ज्या घरांत स्वयंपाकाच्या बाईंचा कप अजून वेगळा ठेवला जातो, त्या घरांतही ही पुस्तकं वाचली गेली आहेत.

*

चाहत्यांना हे जमत नाही असं नाही. जमलेलं आहे.

अमेरिकेतल्या 'हॅरी पॉटर अलायन्स' या चाहत्यांच्या संघटनेने पुस्तकातली ती मजुरीची गोष्ट उचलली आणि वॉर्नर ब्रदर्सला विचारलं: तुमचं नाव लावून विकल्या जाणाऱ्या हॅरी पॉटर चॉकलेटचा कोको कुठून येतो? तो पिकवणाऱ्या शेतांवर मुलांना राबवलं जातं का? कंपनीने आधी टोलवाटोलवी केली. चाहते साधारण चार वर्षं मागे लागून राहिले, सह्या गोळा केल्या, पत्रं लिहिली, व्हिडिओ केले. शेवटी जानेवारी २०१५ मध्ये बातमी आली की यापुढचं हॅरी पॉटर चॉकलेट फेअर ट्रेड किंवा तशाच प्रमाणपत्राच्या कोकोपासून बनेल. चॉकलेट फ्रॉगचा आकार पुस्तकाबरहुकूम आहे की नाही, यावर ती चार वर्षं सहज खर्च करता आली असती. त्यांनी स्वयंपाकघराचा प्रश्न विचारला, जो सिनेमाने विचारला नव्हता.

त्याआधीचीही एक लढाई आहे. पहिला सिनेमा येण्यापूर्वी, २००० च्या अखेरीस, याच कंपनीने शाळकरी मुलामुलींनी चालवलेल्या फॅन वेबसाइटांना वकिली पत्रं पाठवली: नावात हॅरी पॉटर आहे, तर पत्ता आमच्या हवाली करा. पोरांनी घाबरून साइट बंद करण्याऐवजी बहिष्काराची मोहीम उघडली, वर्तमानपत्रांपर्यंत गेली, आणि कंपनीला माघार घ्यावी लागली. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांनी एवढ्या मोठ्या स्टुडिओला वाकवलं. म्हणून 'अरे सिनेमाच तर आहे, एवढं काय मनावर घेता' असं म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. ज्याने पुस्तक मनावर घेतलं नाही त्याने सल्ले देऊ नयेत. ताकद आहेच. ती कुठे लावायची एवढाच वाद आहे.

*

आता स्नेपकडे येऊ, कारण सध्याचा वणवा तिथेच आहे.

एचबीओने २०२३ मध्ये पुस्तकांवर नवी मालिका जाहीर केली तेव्हा 'पुस्तकाशी प्रामाणिक' हाच शब्द पुढे केला. त्यांना आपला मंत्र ठाऊक आहे, तो विकला जातो हेही ठाऊक आहे. एप्रिल २०२५ मध्ये कळलं की स्नेपची भूमिका पापा एसिएडू हा कृष्णवर्णीय ब्रिटिश नट करणार. मग जे व्हायचं ते झालं. 'पुस्तकात असं नव्हतं!'

ठीक आहे, पुस्तक उघडू. पहिलं पुस्तक घडतं तेव्हा स्नेप एकतीस वर्षांचा आहे. काटकुळा, पिवळट कातडीचा, आकडेबाज नाकाचा, तेलकट केसांचा, आणि मुलांना रडवण्यात रस घेणारा. नेव्हिलची सगळ्यात मोठी भीती म्हणजे हा मास्तर. अॅलन रिकमनने ही भूमिका हाती घेतली तेव्हा तो चोपन्न वर्षांचा होता. त्याचा आवाज मखमली, उभं राहणं राजेशाही, आणि क्रौर्यातही एक ऐट. भूमिका त्याने अप्रतिम केली. पण पुस्तकातला स्नेप तो नव्हे. तेवीस वर्षांचा फरक, तोही अर्थाला धक्का देणारा: तिशीतच आयुष्य आंबून गेलेला, शाळेतलं वैर अजून न विसरलेला तरुण, ही त्या पात्राची शोकांतिका आहे. पन्नाशीच्या रुबाबदार माणसात ती दिसत नाही. आपण हे चालवून घेतलं. चालवून घेतलं म्हणजे काय, डोक्यावर घेतलं. जानेवारी २०१६ मध्ये रिकमन गेला तेव्हा जगभर लोक हळहळले ते योग्यच होतं.

एसिएडूचा जन्म १९९० चा. वयाच्या कलमात तो रिकमनपेक्षा पुस्तकाच्या कितीतरी जवळ आहे. हे कुणी मोजलं का? पुस्तकनिष्ठा ही मोजपट्टी असेल तर ती दोन्ही नटांना लावावी लागेल. एकाला तेवीस वर्षांची सूट आणि दुसऱ्याला कातडीच्या रंगाचीही नाही, अशी मोजपट्टी ज्याच्या हातात आहे त्याने पुस्तकाचं नाव घेऊ नये. त्याच्या डोक्यात सिनेमा आहे, आणि सिनेमातही एक रंग.

एक आक्षेप मात्र विचारात घेण्यासारखा आहे. शाळेत जेम्स आणि त्याचे मित्र स्नेपला सगळ्यांसमोर उलटं टांगून त्याची टवाळी करतात. गोऱ्या पोरांचं टोळकं आणि एकटा काळा मुलगा, असं ते पडद्यावर आलं तर प्रसंगाचा अर्थ बदलेल. बदलेलच. हा वाचकाचा प्रश्न आहे, मोजणाऱ्याचा नाही. त्याचं उत्तर दिग्दर्शकाने द्यायला हवं आणि ते फसूही शकतं. पण हा प्रश्न विचारणारे आणि नटाला शिव्या घालणारे एकाच गर्दीत उभे आहेत, आणि दुसऱ्यांचा आवाज मोठा आहे. आपण कुणाच्या शेजारी उभे आहोत हे पहिल्यांनी एकदा मान वळवून बघावं.

हे नवंही नाही. डिसेंबर २०१५ मध्ये लंडनच्या 'कर्स्ड चाइल्ड' नाटकात मोठ्या हर्मायनीसाठी नोमा डुमेझ्वेनीची निवड झाली, तेव्हा हर्मायनी गोरी असल्याचं आपण लिहिलेलं नाही, असं खुद्द जे. के. रोलिंग यांनी सांगितलं. त्यावर चाहत्यांनी तिसऱ्या पुस्तकातून एक वाक्य शोधून आणलं, ज्यात ती झाडाआडून बघताना तिचा चेहरा पांढरा असल्याचा उल्लेख आहे. घाबरल्यावर चेहरा पांढरा पडतो हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. आपण सावळे, गव्हाळ, काळे, सगळेच वेळ आली की पांढरेफटक पडतो आणि त्यासाठी कुणी आपल्याला इंग्रज समजत नाही. डुमेझ्वेनीने त्या भूमिकेसाठी ऑलिव्हिए पुरस्कार मिळवला.

आणि याच्या उलट घडतं तेव्हा? उर्सुला ले ग्विन यांच्या 'अर्थसी'चा पहिला भाग १९६८ चा. त्यातला गेड हा जादूगार तांबूस-तपकिरी कातडीचा आहे. त्या जगातली बहुतेक माणसं सावळी किंवा काळी, आणि गोरे लोक लांबच्या बेटांवरचे. ले ग्विन यांनी हे जाणूनबुजून केलं होतं, कारण कल्पनारम्य कथेतला नायक गोराच असतो हा न बोललेला नियम त्यांना मोडायचा होता. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेच्या साय फाय चॅनलने मालिका आणली आणि गेड गोरा. अर्थसी कसं धुऊन पांढरं केलं, याबद्दल म्हाताऱ्या लेखिकेला स्वतः लेख लिहावा लागला. काळ्याचा गोरा होतो तेव्हा तो 'बदल' असतो आणि गोऱ्याचा काळा होतो तेव्हा 'द्रोह', हे गणित ज्यांना खटकत नाही त्यांनी निष्ठेचे धडे कुणाला देऊ नयेत.

काही चाहत्यांनी नवी मालिका बघायचीच नाही असं ठरवलंय, कारण ट्रान्स व्यक्तींबद्दल रोलिंग यांनी घेतलेली भूमिका त्यांना मान्य नाही. तो वेगळा वाद आहे. त्यात पुस्तकाची ढाल पुढे केलेली नाही, आपण कशाला पैसे द्यायचे हे उघडपणे ठरवलेलं आहे. तुम्ही सहमत असा वा नसा, त्यात लपवाछपवी नाही.

स्टुडिओंनाही सोडायचं कारण नाही. सिनेमा येण्याआधी आपण त्यांना हवे असतो. टीझरची चिरफाड करायला, पोस्टर फिरवायला, पहाटेच्या शोला रांग लावायला. फुकटची जाहिरात आपणच. सिनेमा पडला की आपण 'टॉक्सिक फॅन' होतो. वाईट पटकथेवरचा रास्त राग आणि नटाला दिलेली शिवी या दोन्ही गोष्टी एकाच पोत्यात भरल्या की स्टुडिओचं काम सोपं होतं: पटकथेबद्दल उत्तर द्यावंच लागत नाही. म्हणून तर शिवीगाळ करणाऱ्यांना आपणच बाजूला काढायला हवं. ते आपल्या रास्त भांडणाची किंमत घालवतात.

*

यात आपला मराठी वाचकांचा संबंध काय? आहे. आपल्यातल्या अनेकांनी पहिलं पुस्तक 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावाने वाचलं. मूळ नावातला तत्त्वज्ञांचा दगड मराठीत परीस झाला, आणि आपल्याला तो एका शब्दात कळला. इंग्रजी नावात कुठे होता परीस? कुणी बोंब मारली नाही, कारण गोष्ट घरी आल्यासारखी वाटली. भाषांतरात वाढलेल्या वाचकाला हे अनुभवाने माहीत असतं की गोष्ट एका अंगातून दुसऱ्या अंगात जाताना कपडे बदलते. गदिमांनी १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून छप्पन्न गीतांत रामायण सांगितलं, तेव्हाही लोक वाल्मीकींची प्रत मांडीवर घेऊन चुका काढत बसले नव्हते. रेडिओला हार घालत होते.

पण आपलीच माणसं 'दुनियादारी' २०१३ मध्ये पडद्यावर आला तेव्हा सुहास शिरवळकरांच्या कादंबरीसाठी भांडली. 'फास्टर फेणे' २०१७ मध्ये आला तेव्हा भा. रा. भागवतांचा शाळकरी बनेश फेणे एकदम मोठा झालेला बघून काही जण खट्टू झाले. ही भांडणं मला आवडतात. त्यांत पुष्कळदा नेमका प्रश्न विचारला गेला: हे पात्र ज्या वयाचं आहे त्या वयातच त्याची गोष्ट आहे ना? मग वय बदलल्यावर गोष्ट कुठली उरली? असा प्रश्न आपल्याला विचारता येतो. तो हॉगवर्ट्सलाही विचारू या.

आणि हॉगवर्ट्समध्ये पाटील आहेत, हे विसरू नका. पार्वती आणि पद्मा. पुस्तकात पार्वती ग्रिफिंडॉरमध्ये, पद्मा रेव्हनक्लॉमध्ये. सिनेमाने दोघींना एकाच घरात कोंबलं आणि यूल बॉलला जे कपडे घातले त्यांवर भारतीय चाहते अजून हसतात. हसावंच. पण त्या हसण्यातला राग जपून ठेवा, कारण कुणीतरी आपल्याला न बघताच पडद्यावर उभं केलंय, हे त्या हसण्यामागे आहे. तो राग ज्याला कळतो त्याला एसिएडूच्या बाजूने उभं राहणं जड जाऊ नये.

नवी मालिका येईल तेव्हा पुन्हा फ्रेम आणि पान शेजारी लावले जाणार. लावू या. मी पण लावणार. पण या वेळी प्रश्नपत्रिका बदलू. तळघरातलं स्वयंपाकघर आहे का? विंकी आहे का? हर्मायनीच्या बिल्ल्यांवर मालिका नुसती हसते, की हसून पुन्हा विचारात पडते? मोडक्या पायावर कोण उभं राहतं? शेवटी व्होल्डेमॉर्ट पुस्तकातल्यासारखा सगळ्यांसमोर एखाद्या सामान्य माणसासारखा जमिनीवर कोसळतो, की सिनेमातल्यासारखा रिकाम्या चौकात राख होऊन उडून जातो? स्नेप कुठल्याही रंगाचा असो, नेव्हिलला त्याची भीती वाटते का?

यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं, तर मग खुशाल ओरडा, 'पुस्तकात असं नव्हतं!' मी तुमच्या आवाजात आवाज मिसळायला येतो. आणि हॅरीचे डोळे तपकिरी निघाले, तर एक मीम करा, हसा आणि पुढच्या भागाकडे वळा.